डोहाळजेवणानंतर कोणत्या कुशीवर झोपायचं?

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशीचं विसर्जन झालेलं. निम्मे चाकरमानी अजून घरात, माजघरात चटयांची ओळ लागलेली. माझ्या भाचीला आठवा महिना होता. वेध लागले तशी तिला ताकीद मिळाली : विळीला हात लावू नकोस, काही खाऊपिऊ नकोस, आणि ग्रहण लागलं की पाय सरळ करून उताणी पडून राहा, अजिबात हलू नकोस. ग्रहणाचा स्पर्श रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी आणि मोक्ष १ वाजून २६ मिनिटांनी. म्हणजे जवळजवळ साडेतीन तास.

अर्ध्या तासात तिला दरदरून घाम फुटला. मळमळायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. घरातल्या आजी घाबरल्या. "गिराण बाधला गे तिका," म्हणून हात जोडायला लागल्या. पोरीला राहवेना, ती कण्हत कुशीवर वळली. दोन-तीन मिनिटांत घाम ओसरला, चेहऱ्यावर रंग परत आला.

तिला ग्रहण बाधलं नव्हतं, उताणं पडणं बाधलं होतं. त्यानंतर आमच्या वाडीतल्या बायकांनी मला इतके प्रश्न विचारले की सगळं नीट एका जागी लिहावंसं वाटलं. डावीच कूस का? उजवीवर झोपलं तर बाळ दबतं का? रात्री नकळत उताणं झालं तर? उठून न बसता कूस बदलली तर नाळेचा वेढा बसतो ना? यातल्या काही भीती खऱ्या आहेत, काही नाहीत, आणि त्या वेगळ्या न केल्यामुळे कितीतरी बायका शेवटचे तीन महिने धड झोपतच नाहीत.

पोटामागची मोठी शीर

पोटाच्या अगदी मागे, पाठीच्या कण्याला लागून दोन मोठ्या रक्तवाहिन्या उभ्या जातात. एक हृदयातलं रक्त खाली नेते, ती महाधमनी. दुसरी पायांतलं आणि कमरेखालचं रक्त गोळा करून वर हृदयाकडे आणते. वैद्यकीय मराठीत तिला अधोमहाशीर म्हणतात. मी इथे तिला नुसती मोठी शीर म्हणेन. महाधमनी कण्याच्या किंचित डावीकडे असते आणि मोठी शीर किंचित उजवीकडे. हे डावं-उजवं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माडा-पोफळींच्या वाडीला शिपणं लावताना पाहिलं असेल. पंपाजवळची काळी नळी जाड आणि कडक असते, आतलं पाणीही जोरात असतं. तिच्यावर नारळांची पाटी ठेवली तरी पाणी चालू राहतं. टोकाला जोडलेली मऊ प्लास्टिकची नळी मात्र तेवढ्याच वजनाने चपटी होते आणि झाडाच्या आळ्यात नुसते थेंब गळायला लागतात. महाधमनी त्या काळ्या नळीसारखी. मोठी शीर त्या मऊ नळीसारखी : भिंत पातळ, आत रक्ताचा जोर कमी.

आता पाटीचं वजन बघू. दिवस भरत आले की बाळ सुमारे तीन किलो, वार अर्धा किलो, गर्भजल पाऊण लिटरच्या आसपास आणि खुद्द गर्भाशय एक किलोचं. सगळं मिळून पाच किलोंच्या घरात. बाई उभी असते किंवा कुशीवर असते तेव्हा हे गाठोडं पुढे किंवा बाजूला ओघळतं. ती उताणी झाली की ते थेट मागे, त्या मऊ शिरेवर येऊन बसतं.

शीर दबली की हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं. जे आलंच नाही ते हृदय पुढे ढकलणार कुठून? रक्तदाब उतरतो, घाम येतो, मळमळतं, घेरी येते. भाचीचं नेमकं हेच झालं. डॉक्टरांच्या भाषेत याला उताण्या स्थितीतला अल्प रक्तदाब म्हणतात. शेवटच्या महिन्यांत गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा ते पाऊण लिटर रक्त जात असतं. बाळाचा प्राणवायू आणि अन्न त्यातूनच. त्यामुळे आईचा प्रवाह मंदावला तर बाळापर्यंत त्याची झळ पोहोचू शकते.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या संशोधकांनी २०१९ मध्ये हे एमआरआयने मोजून दाखवलं. दिवस भरत आलेल्या निरोगी बायकांना आधी डाव्या कुशीवर आणि मग उताणं झोपवलं. उताण्या स्थितीत मोठ्या शिरेतला प्रवाह ८० टक्क्यांहूनही जास्त घटला. हृदय मिनिटाला जेवढं रक्त बाहेर टाकतं ते मात्र सुमारे १६ टक्क्यांनीच घटलं.

एवढा मोठा रस्ता अडला आणि शहराला फटका इतका कमी, हे कसं? मुंबई-गोवा महामार्गाचं आठवा. परशुराम घाटात दरड आली की महामार्ग बंद होतो, पण हलकी वाहनं चिरणीच्या आडरस्त्याने वळवतात. चिपळूण तुटत नाही, पण पहिल्यासारखी वर्दळही राहत नाही. शरीरातही कण्याच्या कडेने अशा आडवाटेच्या शिरा आहेत, मोठी शीर दबली की रक्त तिकडून वर चढतं. कुणाची आडवाट रुंद, कुणाची अरुंद. म्हणून एकीला पाच मिनिटांत घेरी येते आणि दुसरीला तासभर काही होत नाही. पण काही जाणवलं नाही म्हणजे आत काही बदललं नाही, असं मात्र धरून चालू नये.

म्हणजे उताणं झोपलं की बाळाला धोका असतोच?

इथे मी सावकाश लिहिते, कारण अर्धवट वाचलं तर हेच आकडे रात्रभर छातीवर बसतात.

२८ आठवडे पूर्ण झाल्यावर पोटातच बाळ दगावणं, याला मृतजन्म म्हणतात. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे. २०११ मध्ये ऑकलंडमधल्याच एका अभ्यासाने पहिल्यांदा सांगितलं की मृतजन्माचा आणि आई शेवटच्या रात्री कशी झोपली होती याचा संबंध दिसतो. मग ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, अमेरिका इथेही तसे अभ्यास झाले. २०१९ मध्ये अशा पाच अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली गेली : बाळ गमावलेल्या ८५१ आया आणि तेवढेच आठवडे भरलेल्या, पण बाळ सुखरूप असलेल्या २,२५७ बायका. २८ आठवड्यांनंतर उताण्या झोपी जाणाऱ्यांमध्ये मृतजन्माची शक्यता कुशीवर झोपी जाणाऱ्यांच्या सुमारे अडीच पट निघाली.

"अडीच पट" वाचून पोटात गोळा येतो. पण कशाच्या अडीच पट, ते पाहायला हवं. त्या पहिल्या अभ्यासात डाव्या कुशीवर झोपी गेलेल्या बायकांमध्ये हे प्रमाण हजारी सुमारे २ होतं आणि इतर स्थितींत झोपी गेलेल्यांमध्ये हजारी सुमारे ४. म्हणजे दुप्पट धरूनही हजारातल्या ९९६ बाळांना काही झालं नाही. २०१९ च्या एकत्रित हिशेबानुसार शेवटच्या तिमाहीत कुणीच उताणं झोपी गेलं नाही तर शंभर मृतजन्मांतले सुमारे ६ टळू शकतील. बाकीच्यांची कारणं वेगळी असतात : बाळाची वाढ खुंटणं, वारेचा बिघाड, आईचा रक्तदाब, मधुमेह, जंतुसंसर्ग.

या अभ्यासांची मर्यादाही आहे. ही माहिती बायकांना नंतर विचारून घेतलेली. ज्या आईचं बाळ गेलं ती त्या शेवटच्या रात्रीचा क्षण न् क्षण उलगडून पाहते. जिचं सुखरूप आहे तिला परवाची रात्रही आठवत नाही. त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे असू शकतो. तरीही वेगवेगळ्या देशांतले निष्कर्ष एकाच दिशेचे आहेत, शरीरात काय घडतं तेही एमआरआयवर दिसलं आहे, आणि उपायाला एक पैसाही पडत नाही. म्हणूनच ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये २०२१ पासून २८ आठवड्यांनंतर उताणं झोपी जाणं टाळा, असा सल्ला आहे.

ज्यांचं बाळ असं गेलं आहे त्यांतली कुणी हे वाचत असेल तर तिच्यासाठी : एका रात्रीच्या कुशीने ते झालं असं कुणीही, अगदी हे अभ्यास करणारेही, एकेका आईबद्दल म्हणू शकत नाहीत. हजारोंच्या हिशेबात दिसणारा फरक एका घराचं कारण सांगत नाही. तुम्ही काही चुकला नव्हता.

सुरुवातीपासूनच सांभाळायचं का?

नाही. पहिले तीन महिने गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आतच असतं. तेव्हा उताणं, पालथं, कसंही झोपा. पालथं झोपणं पुढे पोट वाढलं की आपोआपच सुटतं, त्यासाठी कुणी ओरडायला नको.

अमेरिकेत पहिलटकरणींवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आठ हजारांहून अधिक बायकांना त्यांच्या झोपेबद्दल आधीच, बाळंतपणाच्या कितीतरी आठवडे अगोदर विचारून ठेवलं होतं. ३० आठवड्यांपर्यंतच्या झोपेच्या स्थितीचा मृतजन्माशी, बाळाचं वजन कमी राहण्याशी किंवा वाढत्या रक्तदाबाशी काही संबंध आढळला नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात जाग आली आणि उताणी सापडले म्हणून रडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना हे आवर्जून सांगा.

आठवडे कुणाच्या लक्षात राहतात? मला वाटतं आपल्याकडे एक सोपी खूण आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करतो, हिरवी साडी, फुलांची वाडी, ओटी. २८ आठवडे म्हणजे साधारण तोच सुमार. ओटी भरली की त्या रात्रीपासून कुशीवर झोपी जायचं, एवढं ठरवून टाकलं तर कॅलेंडर बघायला नको. त्याआधीच उताणं पडल्यावर घेरी येत असेल तर अर्थातच आधीपासून.

डावी की उजवी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि याच्याच उत्तराने सगळ्यात जास्त झोपा उडाल्या आहेत.

डावी बरी, असं म्हणण्यामागे कारण आहे. मोठी शीर उजवीकडे, त्यामुळे डाव्या कुशीवर गर्भाशय तिच्यापासून दूर ओघळतं. शिवाय मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडे असल्यामुळे गर्भाशय मुळातच जरा उजवीकडे कललेलं असतं. कागदावर डावी कूस जिंकते. पण प्रत्यक्षात? २०१९ च्या त्याच एकत्रित अभ्यासात उजव्या आणि डाव्या कुशीत बाळाच्या जिवाच्या दृष्टीने फरक सापडला नाही. २०११ मधला पहिला अभ्यास फक्त डाव्या कुशीला सुरक्षित म्हणत होता. पुढे जास्त माहिती आली तसा तो ठपका उजव्या कुशीवरून पुसला गेला. तो पहिला निरोप मात्र अजून फोनवर फिरतो आहे.

तेव्हा उजवी कूस चालते. रात्रभर एकाच अंगावर पडून खुबा आणि खांदा ठणकत असताना "डावीच, डावीच" म्हणून तिला रोखून धरू नये. दोन्ही आलटूनपालटून घ्या. डावीचा एक रोजचा फायदा आहे : जळजळ. जठराची पिशवी डावीकडे असल्यामुळे त्या कुशीवर आंबट वर यायला कठीण जातं. रात्री कुळथाचं पिठलं आणि वर तळलेली तुकडी खाऊन आडवं व्हायचं असेल तर डावीच बरी.

झोपेत उताणी झाले तर?

होणारच. झोपेत प्रत्येक माणूस अनेकदा वळतो. अभ्यासांत जो संबंध दिसला तो "झोपी जाताना" कोणत्या स्थितीत होतात याच्याशी. रात्रीची पहिली झोप गाढ असते आणि बहुतेक वेळ माणूस ज्या स्थितीत झोपी जातो त्याच स्थितीत सर्वाधिक राहतो. म्हणून ताबा ठेवायचा तो एवढ्याच क्षणावर.

मध्यरात्री जाग आली आणि उताणी आढळलात तर कुशीवर वळा आणि पुन्हा झोपा. किती वेळ उताणी होते याचा हिशेब मांडत बसू नका. लघवीला उठून आल्यावर पुन्हा कुशीवर. दुपारी घटकाभर लवंडलात तरी कुशीवरच. नियम इथे संपतो. नवऱ्याने रात्रभर जागून पहारा करायची काही गरज नाही.

उठून बसूनच कूस बदलायची का?

आमच्याकडे प्रत्येक म्हातारी हे सांगते. "उठान बस, मगे वळ. नायतर पोराच्या मानेक नाळ गुंडाळतली." सांगण्यात माया असते. पण नाळ आईच्या वळण्याने गुंडाळत नाही. बाळ गर्भजलात तरंगत असतं, स्वतः कोलांट्या घेत असतं, आणि नाळ साधारण हातभर लांब असते. त्या फिरण्यात कधी ती मानेभोवती येते, कधी सुटते. दर चार-पाच बाळंतपणांत एकदा तरी वेढा सापडतो, आणि त्यातली बहुतेक बाळं ठणठणीत असतात, कारण नाळेतल्या रक्तवाहिन्यांभोवती चिकट, लवचीक गर असतो, तो त्यांना दबू देत नाही. कळशीत तरंगणाऱ्या सुपारीभोवती दोरा अडकेल की नाही, हे कळशी कुठल्या कडेवर घेतली त्यावर ठरत नाही, तसंच हे.

उलट तोटा होतो तो आईचा. नवव्या महिन्यात रात्री पाच-सात वेळा उठून बसायचं म्हणजे प्रत्येक वेळी झोप मोडणार, कंबर लचकणार. खुशाल पडल्यापडल्या वळा. गुडघे दुमडून घ्या, दोन्ही गुडघे आणि खांदे एकदमच वळवा, मग ओटीपोटाच्या सांध्यांवर ताण येत नाही.

असंच एक दुसरं : डाव्या कुशीवर झोपलं की मुलगी आणि उजवीवर झोपलं की मुलगा, किंवा याच्या उलट. मूल राहतं त्याच क्षणी ते ठरलेलं असतं. यावर याहून जास्त लिहायची इच्छा नाही.

जमिनीवर, गोधड्यांत, पंखा नसताना

परदेशी चित्रांत गरोदर बाईभोवती इंग्रजी यू अक्षरासारखी लांबलचक उशी दिसते. ती विकत मिळते, महाग असते, आणि मे महिन्यात वेंगुर्ल्याच्या दमट हवेत तिने अंगाला घामोळं उठेल. आपल्या घरात आहे त्यातच सोय होते. सगळ्यात जास्त काळजी मी इथे करायला सांगेन, कारण "कुशीवर झोप" म्हणणं सोपं, पण कूस दुखत असेल तर कुणीही उताणंच होणार.

कुशीवर झोपलं की वरचा पाय पुढे घसरतो आणि कमरेला पीळ पडतो. म्हणून दोन्ही पायांमध्ये आधार हवा, आणि तो फक्त गुडघ्यांत नाही तर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत. आजीचं जुनं नऊवारी लुगडं घडी घालून लांबट गुंडाळा, दोन ठिकाणी नाडीने बांधा. धुतलं की वाळतं, हवा खेळते. वरचा पाय त्यावर असा ठेवा की गुडघा आणि घोटा खुब्याच्या पातळीत येतील. दुसरी लहान घडी पोटाच्या खाली सरकवा, पोट लोंबकळत राहिलं तर बाजूच्या शिरा ओढतात. तिसरी पाठीमागे. ही तिसरी फार कामाची : झोपेत उताणी व्हायला गेलं तरी ती पाठीला अडवते आणि बाई अर्धवट तिरकीच राहते. सगळं वजन पाठीवर येत नाही, शीरही तितकी दबत नाही. ज्यांना पक्क्या कुशीवर खांदा दुखतो त्यांनी अशी तिरकी कूसच धरावी.

डोक्याखाली सावरीच्या कापसाची उशी असेल तर ती जुनी होऊन चपटी झालेली नाही ना, बघा. कुशीवर झोपताना कान आणि खांदा यांच्यातली जागा भरली पाहिजे, नाहीतर सकाळी मान आखडते.

जमिनीवर झोपायला हरकत नाही. फक्त सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर एका चटईने भागत नाही. खुब्याच्या हाडाखाली दोन-तीन गोधड्या हव्यात. खाटेवर मधे खोलगट झालेली गादी असेल तर त्यापेक्षा जमीन बरी. खरी अडचण उठण्याची. सरळ पोटातून उचकी मारून उठायचं नाही : आधी कुशीवर, मग हाताने रेटा देऊन बसायचं, मग हात टेकून एक गुडघा वर घ्यायचा आणि भिंतीचा किंवा कुणाच्या हाताचा आधार घेऊन उभं राहायचं. एकदम उभं राहिलं तर भोवळ येते, म्हणून बसल्यावर चार श्वास थांबा.

घरात गणपती असोत की शिमगा, माणसं कितीही येवोत, तिची जागा न्हाणीघराच्या वाटेवरची आणि भिंतीकडेची असावी. रात्री चार वेळा उठणाऱ्या बाईला आठ माणसं ओलांडायला लावू नये. ही गोष्ट घरातल्यांनी न सांगता करायची आहे, कारण ती नवीन सून असेल तर मागणार नाही. वाटेत बॅटरी ठेवा. पावसात वीज जाते आणि शहाबादी फरशी निसरडी होते. मच्छरदाणी हवीच.

जळजळ होत असेल तर मानेखाली तीन उशा रचून उपयोग नाही, त्याने पोट दुमडतं आणि आंबट जास्तच वर येतं. गादीच्या खाली, कमरेपासून वरच्या भागात गोधड्यांच्या घड्या सरकवून उतार करा. जेवण आणि झोप यांत दोनेक तास असू द्या; रात्री भूक लागली तर मऊ पेज चालते.

पायात गोळे आले की टाच पुढे रेटून बोटं नडगीकडे ओढायची, दुसऱ्या कुणी धरली तर अधिक चांगलं. पण पडल्यावर पाय नुसते वळवळतात, सारखे हलवावेसे वाटतात, चालल्यावरच बरं वाटतं, असं असेल तर रक्तातलं लोह तपासून घ्या. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. आशाताई देतात त्या लोहाच्या गोळ्या डब्यात ठेवून देऊ नका. चहाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे हे झोपेचं दुखणंही बोला. "झोप येत नाही" ही तक्रार सांगण्यासारखी नाही असं समजून बायका गप्प बसतात.

"आम्ही कुठे असं काही पाळलं होतं?"

नव्हतं पाळलं, आणि बहुतेक बाळं सुखरूप झाली. हजारातला आकडा वर दिलाच आहे. पण ज्या घरात बाळ गेलं तिथे त्याचं कारण शोधायची सोयही नव्हती. "देवाच्या मनात नव्हतं" म्हणून तो विषय मिटायचा. आपल्या आज्यांनी दहा बाळंतपणांतली दोन-तीन मुलं गमावलेली असायची आणि त्याबद्दल त्या क्वचितच बोलायच्या. त्यांच्या सोसण्याचा मान ठेवूनच मला वाटतं की जे आता कळलं आहे ते वापरावं.

मग सोनोग्राफीला उताणं का झोपवतात?

तेवढ्यापुरतं चालतं. तपासणी काही मिनिटांची, तुम्ही जाग्या, शेजारी माणूस. घेरी येतेय असं वाटलं तर लाजू नका, लगेच सांगा, एका बाजूला कलवतील. सिझेरियनच्या टेबलावर याच कारणासाठी उजव्या खुब्याखाली आधार देऊन बाईला डावीकडे कलतं ठेवतात.

आणि ग्रहण?

चंद्रग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली चंद्रावर पडणं. त्यातून पोटातल्या बाळापर्यंत काही पोहोचत नाही. पण ज्या घरात पाळायचंच आहे तिथे भांडण करून बाईचाच जीव टांगणीला लावण्यापेक्षा मी एवढंच मागेन : तिला उताणं निश्चल पडून राहायला लावू नका. बसून जप करू दे, पाठीला भिंतीचा टेकू दे, कंटाळली तर कुशीवर होऊ दे. पाणी पिऊ दे. आठव्या-नवव्या महिन्यात तासन् तास कोरडं राहिलं तर अशक्तपणा येतो, पोटात कळा उठू शकतात. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची बाई असेल तर जेवण आणि गोळी चुकवायची नाही. आमच्या आजींना मी हे शांतपणे सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "बसान जप केल्यान तरी पोचता देवाक."

कोणत्या वेळी थांबायचं नाही?

कूस, उशी, गोधडी यांनी न भागणाऱ्या काही गोष्टी रात्रीच आधी कळतात. डोकं सतत ठणकणं, डोळ्यांपुढे चमकणं, चेहरा आणि हात एकाएकी सुजणं, बरगडीखाली दुखणं : हा वाढलेला रक्तदाब असू शकतो. पुरळ नसताना तळहात-तळपाय खाजणं आणि रात्री ते वाढणं : हा यकृताचा त्रास असू शकतो, त्याची रक्ततपासणी लागते. पूर्वी कधी नव्हतं आणि आता जोरात घोरणं, मधेच श्वास अडकून दचकून जाग येणं : पुढच्या तपासणीला नक्की सांगा. रक्तस्राव झाला किंवा पाणी गेलं तर लगेच निघायचं.

आणि बाळाची हालचाल. कुशीवर शांत पडलं की ती सगळ्यात स्पष्ट कळते. प्रत्येक बाळाची आपली वेळ असते, आठ-दहा दिवसांत आईला ती पाठ होते. ती मंदावली किंवा थांबली असं वाटलं तर गोड खाऊन बघू, सकाळी बघू, नवरा मुंबईहून आला की बघू, असं करायचं नाही. शेवटच्या महिन्यात जागा कमी म्हणून बाळ हलत नाही, हेही खरं नाही. ते शेवटपर्यंत हलतं. रात्रीचे दोन वाजले असतील आणि बाहेर पाऊस कोसळत असेल तरी १०८ ला फोन लावा, आशाताईंना उठवा आणि निघा. गाडीतही कुशीवरच.